पिकल करून परत उघडलं की मेथडची साठवलेली उत्तरं गायब होऊन रायली, काऊन?

धुऱ्यावरचा_कोडर (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. प्रश्न जरा लंबा आहे पण पूर्ण वाचा, अर्धी माहिती दिली की उत्तर बी अर्धंच येते.

आमच्या गावच्या शेतकरी गटासाठी पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहून रायलो. एका शेताचा एक ऑब्जेक्ट, क्लासचं नाव शेत. त्यात आपल्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस, कमाल-किमान तापमान, जमीन भारी का हलकी, एवढं भरलेलं रायते. मग मेथड आहे ताळेबंद(पीक, पेरणीची_तारीख). ते रोजचा पाऊस घेते, हारग्रीव्हजच्या सूत्रानं बाष्पीभवन काढते, जमिनीत किती ओल उरली ते दिवसादिवसानं मोजत जाते अन् शेवटी सांगते का या तारखेले पेरलं असतं तर पिकाले कोणत्या आठवड्यात ताण पडला असता. सोयाबीन, पऱ्हाटी अन् तूर, तिघांसाठी १० जून ते १५ जुलै रोजची एक तारीख, म्हणजे एका शेतामागं १०८ उत्तरं, अन् एकेक उत्तर ३० वर्षांच्या पावसावरून फिरून येते. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. लय वेळ लागते.

म्हणून ताळेबंदवर @एलआरयू_कॅश(मॅक्ससाइज=नन) लावलं, म्हणजे काढलेली उत्तरं कितीबी असली तरी साठवून ठेव. दिवसभर झकास चालते, एकदा काढलेलं उत्तर दुसऱ्यांदा विचारलं का लगेच हजर. पण आमच्याकडे रातच्याले लाइन जाते अन् लॅपटॉपची बॅटरी काही धरत नाही, म्हणून संध्याकाळी सगळे शेत पिकल.डंप करून फायलीत ठेवतो अन् सकाळी पिकल.लोड (पिकल म्हणजे पायथनचे ऑब्जेक्ट फायलीत लिहाची अन् परत वाचाची सोय). पाऊस, तापमान सगळं जसंच्या तसं परत येते, ताळेबंद मात्र पहिल्यापासून सुरू. कॅश_इन्फो() (साठ्याचा हिशेब) काढून पाहिलं तर हिट्स ०, मिसेस ०, करसाइज ०. एरर काहीच नाही.

मले समजून नाही रायलं ते हे, का त्याच क्लासमध्ये हंगामी_सरासरी नावाची एक गोष्ट @कॅश्ड_प्रॉपर्टी लावून ठेवली आहे अन् ते मात्र पिकलमधून बरोबर परत येते. दोन्ही पायथनच्या फंकटूल्स मॉड्यूलमधलेच, मग एक टिकते अन् एक काऊन नाही?

पऱ्हाटी_पायथन (वणी)

भाऊ, ताळेबंदची उत्तरं शेताच्या ऑब्जेक्टमध्ये कधी नव्हतीच, म्हणून पिकलले दिसली नाही.

@एलआरयू_कॅश हे क्लास बनतो तेव्हा एकदाच चालते अन् त्याचा साठा त्या मेथडच्या आवरणाजवळ, म्हणजे क्लासवर, रायते. सगळ्या शेतांसाठी एकच साठा. कोणतं उत्तर कोणत्या शेताचं हे ओळखाले किल्लीत पहिला घटक म्हणून सेल्फ, म्हणजे ते शेत स्वतः, असते. पिकल ऑब्जेक्ट लिहिते तेव्हा दोनच गोष्टी लिहिते, क्लासचं नाव कोणत्या मॉड्यूलमधलं ते, अन् त्या ऑब्जेक्टचा __डिक्ट__, म्हणजे त्याच्या आपल्या माहितीची नावानिशी यादी. क्लासचा कोड लिहीत नाही, क्लासवर लटकलेलं काही लिहीत नाही. नोंद तलाठ्याच्या दप्तरात आहे अन् तुम्ही आपली पिशवी घेऊन दुसऱ्या गावाले गेले, असा प्रकार झाला.

कॅश्ड_प्रॉपर्टीचं वेगळं आहे. ते पहिल्यांदा उत्तर काढते अन् त्याच नावानं सरळ ऑब्जेक्टच्या __डिक्ट__मध्ये टाकून देते. पिकल __डिक्ट__ उचलते, त्याच्यासंग ते बी जाते. पाहाचं असन तर प्रिंट(व्हार्स(शेत१)) करा, हंगामी_सरासरी दिसन, ताळेबंदचं नाव निशाण नाही दिसनार.

अन् एक सांगतो, हे तुमच्या ४ जीबीवाल्या लॅपटॉपसाठी जास्त कामाचं आहे. मॅक्ससाइज=नन दिलं म्हणजे तो क्लासवरचा साठा सेल्फले कधीच सोडत नाही. तुम्ही शेतांची यादी डिलीट करा, काही करा, जोपर्यंत कॅश_क्लिअर() नाही तोपर्यंत एकेक शेत ३० वर्षांच्या पावसासकट मेमरीत बसून रायते. काहीच नाही दिलं तर मर्यादा १२८ ची, पण मग तुमचं एक शेत १०८ खाऊन टाकते अन् दुसरं शेत आलं का पहिल्याची उत्तरं बाहेर. मेथडवर एलआरयू_कॅश लावूच नाही या मताचा मी आहे.

धुऱ्यावरचा_कोडर

धन्यवाद भाऊ, व्हार्स करून पाहिलं, अगदी तसंच आहे.

मग हे पाय, एका ठिकाणी असं सुचवलेलं का __इनिट__मध्येच (ऑब्जेक्ट बनताना चालते ते मेथड) सेल्फ.ताळेबंद = एलआरयू_कॅश(नन)(सेल्फ._ताळेबंद) असं लिहा म्हणजे साठा प्रत्येक शेताचा आपापला होते. तसं केलं तर डंप करतानाच पिकलिंगएरर येऊन रायला, म्हणते का हे ते नाही, "नॉट द सेम ऑब्जेक्ट ॲज" अन् पुढं शेत._ताळेबंद.

विहीर_आणि_वायर (हिंगणघाट)

तो एरर बरोबरच आहे. पिकल फंक्शनचा कोड कधीच साठवत नाही, फक्त नाव साठवतं आणि उघडताना त्या नावानं शोधतं. एलआरयू_कॅशचं आवरण आपलं नाव आतल्या फंक्शनचंच सांगतं, म्हणजे शेत._ताळेबंद. पिकल जाऊन बघतं तर त्या नावावर क्लासमध्ये साधी मेथड आहे, आवरण नाही, म्हणून ते लिहायला नकार देतं. आणि __गेटस्टेट__मध्ये (पिकल लिहिताना चालतं) ते आवरण काढून टाकून __सेटस्टेट__मध्ये (उघडताना चालतं) परत बांधलं तरी आवरण नवीन, साठा रिकामा. आतली उत्तरं बाहेर काढायची सोयच त्यात नाही, कॅश_इन्फो आकडे देतं आणि कॅश_क्लिअर साफ करतं, बस.

त्यापेक्षा आपलं डेकोरेटर (मेथडवर @ लावून चढवायचं आवरण) लिहा, मोजून थोड्या ओळी आहेत. मी मोबाईलवरून मराठी कीबोर्डनं टाकतोय, तुम्ही टाकताना कीवर्ड पायथनचे घ्या:

डेफ लक्षात_ठेव(फंक):
    @रॅप्स(फंक)
    डेफ आत(सेल्फ, *आर्ग्ज):
        साठा = सेल्फ.__डिक्ट__.सेटडिफॉल्ट('_साठा', {})
        किल्ली = (फंक.__नेम__, आर्ग्ज)
        इफ किल्ली नॉट इन साठा:
            साठा[किल्ली] = फंक(सेल्फ, *आर्ग्ज)
        रिटर्न साठा[किल्ली]
    रिटर्न आत

ताळेबंदवर @लक्षात_ठेव लावा. साठा आता ऑब्जेक्टच्या पोटात आहे, पिकल बाकी सगळ्यासोबत उचलेल, शेत मेमरीतून गेलं की साठाही जाईल. सेटडिफॉल्ट मुद्दाम वापरलंय, कारण पिकल.लोड करताना __इनिट__ चालतच नाही, त्यामुळे _साठा तिथं बनवायचं ठरवलं तर तुमच्या आधीच्या फायली उघडल्यावर ॲट्रिब्यूटएरर येईल.

किल्लीत फंक्शन स्वतः ठेवू नका, नाव ठेवा, नाहीतर वरचाच एरर परत येईल. आणि किल्ली म्हणून हॅश(आर्ग्ज) चा आकडा (पायथन किमतीवरून काढतं तो ओळखीचा आकडा) तर अजिबात नको. काही जण जागा वाचवायला तसं करतात. पायथन ३.३ पासून मजकुराचा हॅश दर वेळी प्रोग्राम सुरू झाला की बदलतो, तारखेचाही बदलतो, त्यामुळे 'सोयाबीन' चा कालचा आकडा आज जुळणार नाही, साठा भरलेला दिसेल पण एकही उत्तर सापडणार नाही. टपल (न बदलता येणारी यादी) जशीच्या तशी किल्ली ठेवली की काही अडचण नाही, डिक्ट उघडताना नव्यानं बांधला जातो आणि हॅश तेव्हाच्या तेव्हा काढला जातो.

संत्रा_बाग (वरूड)

वरच्या कोडमध्ये एक बदल करा, फंक.__नेम__ च्या जागी फंक.__क्वालनेम__. आमच्याकडे बागायती शेताचा क्लास शेतपासून बनवलेला आहे आणि त्याचा ताळेबंद आधी सुपर().ताळेबंद(...), म्हणजे मूळ शेतचा ताळेबंद, बोलावतो आणि मग त्यात ठिबकचं पाणी मिळवतो. दोघांचं __नेम__ एकच, म्हणजे किल्ली एकच. पहिल्यांदा बरोबर येतं, पण नंतर दुसरी कोणती मेथड सुपरवालं उत्तर मागते तेव्हा तिला ठिबक मिळवलेलं उत्तर मिळतं, कोरडवाहू म्हणून बागायती आकडा. असली चूक एरर देत नाही आणि शेतकऱ्याला दिलेल्या कागदावर जाते. क्वालनेममध्ये क्लासचं नावही असतं.

पऱ्हाटी_पायथन

हाव, हे भारी पकडलं ताई. क्वालनेमच घ्या.

संत्रा_बाग (वरूड)

आता मला जे खरं सांगायचंय ते, कारण उत्तरं टिकवणं जमलं की लोक तिथंच थांबतात. उत्तर टिकलं म्हणजे ते अजून खरं आहे असं नाही ना. रोज सकाळी कोरं उघडून मोजत होता तोपर्यंत उशीर होत होता पण उत्तर ताजं होतं, आता ते फायलीतून महिनोन्महिने परत येत राहणार.

मंडळाच्या पावसाचे आकडे मागून दुरुस्त होतात हे तुम्हालाही माहीत असेल. २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला तर अतिवृष्टी धरतात, तिथं ६४ चा ६६ झाला तर शेतकऱ्यासाठी सगळंच बदलतं. तुम्ही सेल्फ.पाऊस ची यादी घेऊन त्यात सरळ आकडा बदलला तर _साठाला काहीच कळत नाही, ताळेबंद जुनंच उत्तर देणार, आणि हंगामी_सरासरी पण, कारण तीही __डिक्ट__मध्ये बसलेली आहे. म्हणून पाऊस यादी नको, टपल ठेवा म्हणजे चुकून बदलताच येणार नाही, आणि बदलायला एकच दार ठेवा, पाऊस_बदल(नवीन) ही मेथड, जी आकडे बदलते आणि लगेच साठा_रिकामा() बोलावते. त्यात सेल्फ.__डिक्ट__.पॉप('_साठा', नन) आणि सेल्फ.__डिक्ट__.पॉप('हंगामी_सरासरी', नन), दोन्ही.

दुसरी गोष्ट सूत्र. आज हारग्रीव्हज आहे, ०.००२३ गुणिले सरासरी तापमान अधिक १७.८ वगैरे. उद्या कोणी भारी काळ्या जमिनीची ओल धरायची मर्यादा बदलली की कोड नवा आणि फायलीतली उत्तरं जुन्या कोडची. पिकलला कोड बदललेला कळत नाही. क्लासवर सूत्र_आवृत्ती = १ असा आकडा ठेवा, सूत्राला हात लावला की तो वाढवा, आणि:

डेफ __गेटस्टेट__(सेल्फ):
    स्थिती = सेल्फ.__डिक्ट__.कॉपी()
    स्थिती['_आवृत्ती'] = सेल्फ.सूत्र_आवृत्ती
    रिटर्न स्थिती

डेफ __सेटस्टेट__(सेल्फ, स्थिती):
    जुनी = स्थिती.पॉप('_आवृत्ती', नन)
    सेल्फ.__डिक्ट__.अपडेट(स्थिती)
    इफ जुनी != सेल्फ.सूत्र_आवृत्ती:
        सेल्फ.साठा_रिकामा()

कॉपी() विसरू नका, नाहीतर साठवताना जिवंत ऑब्जेक्टमध्येच _आवृत्ती घुसते. आणि पाऊस पिकलमध्ये न ठेवता रोज सीएसव्हीतून वाचत असाल तर आवृत्तीसोबत पावसाचा ठसा (आकडे बदलले की बदलणारी खूण) पण लिहा, हॅशलिबचं एसएचए२५६ घेऊन, साधं हॅश() नको, कारण वर दादांनी सांगितलं तेच.

विहीर_आणि_वायर

ताईंचं सगळं पटलं, फक्त कॉपीवरून आठवलं म्हणून लिहितो. कॉपी.कॉपी(शेत१) पण हाच __गेटस्टेट__ वापरतं. "पाऊस २० टक्के कमी झाला असता तर" असं बघायला लोक शेताची प्रत काढतात, पण ती प्रत वरवरची असते, म्हणजे _साठा दोघांचा एकच डिक्ट. प्रतीत साठा_रिकामा() मध्ये पॉप आहे म्हणून ठीक, तिथं कोणी क्लिअर() लिहिलं असतं तर मूळ शेताचाही साठा साफ झाला असता. आणि पाऊस_बदल न वापरता प्रतीचा पाऊस थेट बदलला तर कमी पावसाची उत्तरं मूळ शेताच्या नावावर जमा. __गेटस्टेट__मध्ये एक ओळ वाढवा, स्थिती['_साठा'] = डिक्ट(सेल्फ.__डिक्ट__.गेट('_साठा', {})), म्हणजे प्रतीला आपला वेगळा साठा मिळेल.

बैलबंडी (मूर्तिजापूर)

मी थोडं वेगळं मत मांडतो, वाद घालायचा म्हणून नाही. साठा ऑब्जेक्टमध्ये नेलाच नाही पाहिजे असं मला वाटते. एक कारण सांगतो. उद्या हे काम वेगात करायला मल्टिप्रोसेसिंगचा पूल (एकाच वेळी कैक प्रोसेस) लावसान, तेव्हा प्रत्येक शेत दुसऱ्या प्रोसेसले पिकल होऊनच जाते, म्हणजे सारा साठा बी संग ओढत नेणार, अन् तिकडं भरलेली नवीन उत्तरं तिकडच्याच प्रतीत रायतात, इकडं येत नाही. जाताना ओझं, येताना रिकामं.

एसक्यूलाइट (एका फायलीतला डेटाबेस) पायथनसंगच येते, वेगळं काही टाकाव लागत नाही. एक टेबल, शेताचा गट नंबर, पीक, तारीख, आवृत्ती, ठसा अन् उत्तर. जे पाहिजे तेवढंच वाचाचं, ४ जीबीत हे लय सोयीचं. लिहिता लिहिता लाइन गेली तरी व्यवहार अर्धवट रायत नाही, पुढच्या वेळी आधीच्या बरोबर स्थितीवर येते. जॉबलिब या वेगळ्या लायब्ररीचं मेमरी (उत्तरं डिस्कवर साठवणारं) पण आहे, ते फंक्शनचा कोड बदलला तर ओळखते, पण मेथडवर लावताना सेल्फचा घोळ तिथं बी येते, साध्या फंक्शनवर लावलेलं बरं.

धुऱ्यावरचा_कोडर

बैलबंडी दादा, तुमचं म्हणणं वजनदार आहे. पण सध्या गटात शेतं थोडी आहेत अन् पोरं जे हा प्रोग्राम वापरतात त्यायले एक फाईल पेन ड्राइव्हवर टाकून देणं जमते, डेटाबेस समजवाले वेळ लागन. पूल काही एवढ्यात लावत नाही. म्हणून सध्या ताई अन् दादाच्या रस्त्यानं जातो, डेकोरेटर लावलं, क्वालनेम घेतलं, आवृत्ती टाकली. सकाळी फाईल उघडल्याबरोबर १०८ च्या १०८ उत्तरं हजर, दुसऱ्यांदा काही मोजाव नाही लागलं.

आता लाइनचं. परवा डंप चालू असतानाच लाइन गेली अन् फाईल अर्धी लिहिली गेली, सकाळी ईओएफएरर. सगळा साठा गेला. पिकलसाठी असा काही उपाय आहे का?

विहीर_आणि_वायर

आहे. जुन्या फाईलवर थेट लिहायचंच नाही. शेत.तात्पुरती नावाच्या फाईलीत डंप करा, मग फ्लश(), मग ओएस.एफसिंक(फ.फाईलनो()) (दोन्ही मिळून लिहिलेलं खरंच डिस्कवर उतरवतात), फाईल बंद करा आणि शेवटी ओएस.रिप्लेस(तात्पुरती, खरी). लाइन मधे कुठंही गेली तरी खरी फाईल एकतर कालची पूर्ण असेल नाहीतर आजची पूर्ण. तात्पुरती फाईल त्याच फोल्डरमध्ये पाहिजे, ती डिस्कवर आणि खरी पेन ड्राइव्हवर असं केलं तर रिप्लेस चालत नाही. पेन ड्राइव्हवर नंतर वेगळी कॉपी करा.

आणि पेन ड्राइव्हवरून आठवलं, पिकल फाईल उघडणं म्हणजे त्यात कोणी लिहून ठेवलेला कोड चालू देणं. आपण बनवलेली, आपल्या हातातली फाईल उघडा. व्हॉट्सॲपवर कोणीतरी "आमच्या मंडळाचा डेटा" म्हणून पिकल पाठवली तर उघडू नका, सीएसव्ही मागा.

धुऱ्यावरचा_कोडर

बरोबर आहे, हे पोरायले सांगतो.

एक शेवटचं. गटाच्या हपिसातला कंप्युटर विंडोज ७ वर आहे, त्यावर पायथन ३.८ च्या वर चढत नाही. माझ्या लॅपटॉपवर ३.१२. तिथं फाईल उघडन का?

पऱ्हाटी_पायथन

उघडन. पिकलचा प्रोटोकॉल (फाईल लिहाची पद्धत) ५ हा ३.८ पासूनच आहे, म्हणून त्या बाजूनं अडचण नाही, क्लासची फाईल मात्र तिथं त्याच नावानं पाहिजे. तीन गोष्टी पाहून घ्या. फंकटूल्स.कॅश ३.९ मध्ये आलं, ते कुठं वापरलं असन तर काढा. कुठं सुपर().__गेटस्टेट__() लिहिलं असन तर ते ३.११ पासूनच चालते, ताईनं लिहिलं तसं __डिक्ट__.कॉपी() ठेवा. अन् तिसरी, उत्तरं नमपायच्या (आकडेमोडीची लायब्ररी) ॲरेमध्ये ठेवता का? तुमच्या लॅपटॉपवर नमपाय २ असन तर हपिसात "नमपाय._कोअर नावाचं मॉड्यूल नाही" म्हणून फाईल अडन, कारण ३.८ वर नमपाय १.२४ च्या पुढं जात नाही. साठ्यात टाकाच्या आधी टूलिस्ट() करून साधी यादी करून घ्या, सुटे आकडे असन तर फ्लोट() करा.

धुऱ्यावरचा_कोडर

नमपाय २ च आहे. ताळेबंदच्या शेवटच्या ओळीत टूलिस्ट() टाकलं अन् सूत्र_आवृत्ती २ केली, म्हणजे ॲरेवाली जुनी उत्तरं आपोआप गळतीन. उद्या हपिसात उघडून पाहतो अन् इथंच लिहितो.